भेगांची वही

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी बोव्हेच्या कॅथेड्रलमधल्या भेगा मोजते.
वही, पेन्सिल, मिलिमीटरची पट्टी
आणि एव्रारनं दिलेला टॉर्च,
ज्याचं बटण दोनदा दाबावं लागतं.

पायऱ्या मी मोजत नाही.
त्या माझे गुडघे मोजतात.

वर वारा असतोच.
समुद्र इथून दिसत नाही, पण त्याचा वारा
परगावच्या पाहुण्यासारखा न कळवता येतो,
खांबांना खांदा लावून बघतो, हलतात का.
हलतात.
खाली मेणबत्त्या लावणाऱ्यांना
हे मी सांगत नाही.

जुनं चर्च जळालं, साल बाराशे पंचवीस.
नवं बांधायचं तर आमियाँपेक्षा उंच,
हे बिशपांनी मनावर घेतलं.
शेजाऱ्याचं छप्पर बघून आपली भिंत वाढवणारे
पिकार्दीत तेव्हाही होतेच.
दगड खडूच्या जातीचा, नख लावलं तर बोट पांढरं होतं,
आणि त्याची रास अठ्ठेचाळीस मीटर वर नेली.
बाहेरून दगडी हात, हातांना आणखी हात,
म्हाताऱ्याला मुलगे दोन्ही बाजूंनी धरतात तसे.
आत सगळा उजेड.
भिंत म्हणावी अशी भिंतच नाही, नुसती काच,
आणि काचेतून संध्याकाळी फरशीवर सांडलेला
जांभळा, तांबडा, पुन्हा जांभळा.

बारा वर्षं टिकलं.
मग नोव्हेंबरातल्या एका रात्री छत खाली आलं.

ज्यांनी ते पुन्हा उभं केलं
त्यांनी दोन खांबांच्या मधे तिसरा खांब घातला.
नीट बघितलं तर अजून कळतं,
कमानी कुठे अवघडून बसल्यात ते.

पुढे तीनेकशे वर्षांनी पैसे जमले.
पुढचं धड बांधायचं की मनोरा?
मनोरा.
एकशे त्रेपन्न मीटर, टोकावर क्रूस.
चार वर्षं सगळ्या गावानं मान वर करून काढली.
मग येशूच्या स्वर्गारोहणाचा सण आला.
मिरवणूक नुकतीच दाराबाहेर पडली होती
आणि मनोरा आत कोसळला.
तो वर गेला त्याच दिवशी हा खाली आला,
यावर आमच्याकडे विनोद आहेत. पाहुण्यांसमोर करत नाही.

सांगतात की लोंबत राहिलेले दगड पाडायला
कुणी गवंडी वर जाईना,
तेव्हा फाशीच्या कैद्याला विचारलं:
चढ. पाडून ये. वाचलास तर सुटलास.
तो चढला.
बिशपांची नावं ओळीनं लिहिलेली आहेत,
याचं कुठे नाही.
मी त्याला एक नाव दिलंय. वर असले की हाक मारते,
मोठ्यानं नाही.

धड झालंच नाही.
त्याच्या जागी हजार वर्षांचं बुटकं चर्च उभं आहे.
ते पाडायचं ठरलं होतं. तिजोरी आटली म्हणून वाचलं.
उंच भिंतीला पाठ टेकून बसतं उन्हाला,
कुणाशी स्पर्धा नाही.

आत आता लाकडी तुळया आणि लोखंडी कांबी.
तात्पुरत्या, असं म्हणून लावल्या
तेव्हा माझी ओदील रांगत होती.
ती आता लील शहरात नोकरीला आहे.

या मंगळवारी सतराव्या भेगेवरची काच तडकलेली होती.
केसाएवढी.
मी टॉर्चचं बटण दोनदा दाबलं, मग आणखी दोनदा.
वहीत मागची पानं चाळली.
एव्रारचं अक्षर, सत्तावीस वर्षांचं:
वारा. ठीक. वारा. पाऊस. ठीक.
एका पानावर नुसतं, आज भीती वाटली.
खाली आकडा नेहमीसारखाच.

मी आकडा लिहिला, नवी काच लावली,
गिलाव्यानं भरलेले हात कोटाला पुसले.

संध्याकाळी वृद्धाश्रमात गेले.
एव्रारला आता माझं नाव आठवत नाही,
पण हात बघितले की ओळखतो.
म्हणाला, पडलं का?
म्हटलं, नाही.
सूपचा वाडगा त्यानं माझ्याकडे सरकवला.
मग बस, म्हणाला, गार होतंय.