वाहतूक : निरंक

दर सहा वर्षांनी या पुलाची तपासणी होते.
होतेच. इथे नियम आहे.
ओटमार हातोडी आणतो, मी शिडी धरतो,
तो काँक्रीटच्या पोटावर टकटक करून
कान लावतो,
कलिंगड निवडणाऱ्या माणसासारखा.

ठणठणीत आहे. लिही.

तडे : नाहीत.
गंज : किरकोळ, उत्तर कठड्यास.
भारक्षमता : पूर्ण.
वाहतूक :

पुलाच्या अलीकडे रस्ता नाही, पलीकडेही नाही.
अलीकडे बीटाचं शेत, पलीकडे बीचचं रान,
मध्ये हे चार पदरी धूड,
आणि खालून एक बैलगाडीएवढी वाट,
तीही गवतात बुडालेली.

फ्रांकोनियातल्या या खोऱ्यात असे सात आहेत.
तीन युद्धाआधीचे : मजूर एका सप्टेंबरात
घमेली तिथेच टाकून गेले,
पुढे चर्चच्या भिंतीवर नावांच्या यादीत सापडले.
बाकीचे नंतरचे. मग पेट्रोल महागलं,
मग मंत्री बदलला, मग कुणाला तरी
दुर्मीळ वटवाघूळ दिसलं.
एक रॅम्प तर वळत वळत वर जातो
आणि हवेत संपतो,
वाक्य विसरलेल्या वक्त्यासारखा.
गावातली पोरं तिथे गाडी शिकतात.
ब्रेक आधी शिकतात.

इथले लोक यांना ‘सो-डा’ पूल म्हणतात.
सो डा. म्हणजे : नुसताच आहे तिथे.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं
कोणीतरी माझ्या भाषेत समजूत घालतंय :
सोडा हो. सोडा आता.
ओटमारला हा विनोद समजावताना
माझी कॉफी थंड झाली.
नंतर तो दिवसभर बोल्ट मोजताना पुटपुटत होता,
सोडा, सोडा, एकशे बारा, सोडा.

पुलाखाली वाल्बुर्गाबाईंची सरपणाची रास.
अख्ख्या जिल्ह्यात इतकं महाग छप्पर
कोणाच्या लाकडांना नाही.
तिच्या बापाची सफरचंदाची बाग होती इथे,
बेचाळीस झाडं. नुकसानभरपाई मिळाली,
त्या पैशांतून एक शिलाई मशीन आलं
आणि बापाची शपथ :
या पुलावर आपल्यातल्या कोणी पाय ठेवायचा नाही.

तपासणीच्या दिवशी ती प्लमचा केक आणते
आणि विचारते, मग? आला का रस्ता?
ओटमार म्हणतो, निघालाय, बाई. वाटेत आहे.
चार तपासण्या झाल्या, हेच.

या वेळी तिने विचारलं नाही.
केकही नव्हता. बुटांना ओला चिखल,
गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग,
चौऱ्याऐंशी वर्षांचा श्वास अजून खाली बसला नव्हता.

जाऊन आले वर, म्हणाली. सकाळीच.
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मग काठीनं हवेत एक जागा दाखवली,
कठड्याच्या जरा खाली.
इथवर शेंडे यायचे. शिडीवरून सुद्धा
माझा हात कधी पोचला नव्हता.

कोणी काही बोललं नाही.
शेतात कुठेतरी ट्रॅक्टर सुरू होऊन बंद पडला.

माझं पेन त्या रकान्यावर होतं.
‘निरंक’मधला ‘नि’ लिहून झाला होता.
ओटमारनं कागद ओढून घेतला.
नियमाचा माणूस तो, आयुष्यात कधी
एका मिलिमीटरची सूट दिली नाही.
चश्मा पुसला. विचारलं,
परतही आलात?

आले की. नाहीतर इथे कशी असते?

मग ‘नि’वर काट मारून त्यानं लिहिलं :
दोन. प्रत्येक दिशेस एक.
खाली सही, तारीख. त्याची शेवटची.

आज कचेरीतून फोन आला :
हे दोन म्हणजे ताशी,
की दिवसाला?