कोण तेरा? ओव्हर.

हर्णैच्या बंदरावर बॅडमिंटन म्हणजे
तिघांचा खेळ: तू, मी आणि वारा.
फूल मारायचं सुवर्णदुर्गाच्या दिशेनं
आणि ते परत यायचं आपल्याच खांद्यावर.
नेट म्हणून मुस्तफाच्या वडिलांचं टाकून दिलेलं जाळं,
सुरमईचं, मोठ्या आसाचं.
फूल त्यातून आरपार जायचं,
मग काळोख पडेपर्यंत एकच भांडण:
वरून गेलं की मधून?

वीस वर्षांनी त्या भांडणातले चौघे
दिगंबर चोगलेच्या बर्फाच्या कारखान्यात,
उलट्या घातलेल्या क्रेटवर.
मुस्तफा, गजा, दिगंबर,
आणि मी, जी आता शाळेत
पोरांना खारे वारे, मतलई वारे शिकवते.

पडद्यावर मात्र एक असं घर
ज्यात वारा नाही.
एसीची झुळूकसुद्धा तिथे मोजतात म्हणे.
मारलं तिथे जातं फूल!
आम्ही बराच वेळ नुसतं तेच बघत होतो.

दोन-दोन झालं होतं. पाचवी लढत.
आमची पोरगी सतरा वर्षांची.
आमची म्हणजे, तिचं गाव कुठलं
तेही कुणाला धड ठाऊक नव्हतं.
मुस्तफा म्हणाला, मनगट बघ, किनाऱ्याचीच आहे.
दिगंबर म्हणाला, किनारा लांब आहे रे बाबा.
गजाला दुसऱ्या गेमपासून लघवीला जायचं होतं
पण तो उठला की पॉइंट जात होता,
दोनदा सिद्ध झालं होतं,
म्हणून आम्ही त्याला बसवून ठेवला होता.

आणि टेबलावर वायरलेस.
दिगंबरचा मेहुणा भिवा
पंधरा वावांत नांगर टाकून पडलेला.
स्कोर काय? ओव्हर.
तेरा-पंधरा. ओव्हर.
कोण तेरा? ओव्हर.

एकोणीस-एकोणीसला लाइट गेली.
कॉम्प्रेसर थांबला
तेव्हा कळलं आपण किती मोठ्यानं बोलत होतो.
जनरेटर लागला, बर्फाचं काम झालं,
टीव्हीही उजळला,
पण बंदरावरचा टॉवर मेला होता.
पडद्यावर एक गोल
फिरत राहिला, फिरत राहिला.

तेव्हा समुद्र बोलला:
थांबा रे, आमच्या खलाशाच्या फोनला रेंज हाय,
दाभोळची असंल. लावतो. ओव्हर.

भिवानं जन्मात रॅकेट धरली नव्हती.
तिनं टाकलं. आपलीनं उचललं.
तिनं परत टाकलं, खोल.
आपलीनं ओढून काढलं.
पोरगी लय पळते रं. ओव्हर.
ओव्हर म्हणू नको भिवा, बोलत राहा! ओव्हर.

वीस-एकोणीस. ओव्हर.
कोण वीस, असं चौघे एकदम ओरडलो
आणि बटण दाबायचं कुणालाच सुचलं नाही.
पंधरा वावांवर तो एकटाच बघत होता,
आम्ही त्याच्या श्वासाकडे कान लावून.

जाळ्याला लागलं, तो म्हणाला.
खरखर.
वर टेकलंय. थांबलंय वाटतं.
नाय. पडलं.
कुठे?
खरखर.
आपल्याकडे.

कारखान्यात फक्त साच्यांतून पाणी ठिबकत होतं.
मग मुस्तफानं, अगदी हळू,
विचारलं, वरून गेलं की मधून?
कुणी हसलं नाही.
गजा उठला आणि बाहेर गेला.
आता उठायला हरकत नव्हती.

रडत नाय पोरगी, भिवा सांगत होता.
कडेला बसून बुटाची नाडी बांधते.
सुटली पण नव्हती, तरी बांधते.
आता उठली. त्या दुसरीशी हात मिळवला.
संपलं. ओव्हर.

कुणी काही बोललं नाही, म्हणून त्यानंच विचारलं:
पहाटे येतो. बर्फ ठेव वीस लाद्या. ओव्हर.

दिगंबरनं वही ओढली, पेन्सिल कानावरून काढली,
बटण दाबून धरून थोडा वेळ गप्प राहिला.
एकवीस घे, म्हणाला.
ओव्हर.