तेवीस दिवस कमी

योएन्सूच्या रिंकवर पहाटे सव्वापाचला
मी बर्फ सारवते.
यंत्र माझ्याहून म्हातारं, मागून कढत पाणी सोडत जातं
आणि कालच्या सगळ्या रेघा मिटतात.
मिटण्याआधी मी त्या वाचते.
विल्याची रेघ उथळ, वळणावर जराशी विस्कटलेली.
येरासिलची खोल.
तो वजन देऊन वळतो,
खालचं आपल्याला पेलेल की नाही
हे दरवेळी नव्याने विचारत असल्यासारखा.

तो कारागांदाचा, कोळशाच्या गावचा.
चार वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याच्याकडे दोन जोड बूट होते
आणि 'कीतोस' हा एकच शब्द.
आमच्याकडे मुली नाचतात, मुलगे हॉकीत जातात;
विल्याचा हात धरायला अकरा महिने कुणी नव्हतं.

युरोपच्या स्पर्धेला, जगाच्या स्पर्धेला
दोघांत एक पासपोर्ट चालतो.
ऑलिम्पिकला दोन लागतात.
हे मला त्यांच्या कोचने, सिर्काने, समजावलं
साखरेच्या दोन पुड्या टेबलावर ठेवून.
मग त्यातली एक तिने कॉफीत रिकामी केली.

आणि कागदी घोडे नाचू लागले.
त्यांना कुठे जोडीदार लागतो.

भाषेची परीक्षा होती.
यंत्रात पाणी भरेपर्यंतची वीस मिनिटं
तो माझ्याजवळ वही घेऊन बसायचा.
मी म्हटलं, सोपं आहे रे, आमच्यात 'तो' आणि 'ती' एकच शब्द.
तो म्हणाला, आमच्यातही.
हसलो दोघं.
आणि हे बघ: यॅ म्हणजे बर्फ.
यॅ म्हणजे राहतो, जात नाही, असंही.
त्याने ते लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ ओढली.

पास झाला.
आईला फोनवर सांगताना मात्र
न सुटलेल्या बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिला.
त्याच्या देशाला दुसरा पासपोर्ट खपत नाही,
हा हातात पडला की तो गेला.
आई काय म्हणाली, मी विचारलं नाही.

ऑक्टोबरात पत्र आलं.
बाकी सगळं ठीक.
फक्त देशातला मुक्काम तेवीस दिवस कमी भरतो.

विल्याने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.
बुडापेस्ट सहा, ग्राझ पाच,
ओस्ट्राव्हा सात, टोरून पाच.
मी दोनदा बेरीज केली, तेवीसच आले.
ते तेवीस दिवस तो आमचं निळं जाकीट घालून बाहेर होता,
पाठीवर आमच्या देशाचं नाव.
ओस्ट्राव्हात तिसरा आला तेव्हा
वर चढलेलं निशाण आमचंच होतं.

त्या अधिकाऱ्याला मी बोल लावत नाही.
त्याच्यापुढे रकाने होते, रकान्यात 'बाहेर' असा शब्द होता.
माझा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये असतो, जुन्या बॅटऱ्यांखाली.
तो मिळावा म्हणून मी काय केलं?
जन्मले.
तेसुद्धा कष्ट आईचे.

फेब्रुवारीत कॅन्टीनच्या टीव्हीवर नाच लागला.
सिर्काने आवाज बंद केला, चित्र राहू दिलं.
ते दोघं आत नव्हते बघायला.
बर्फावर होते, संगीताशिवाय,
विल्या ओठांनी ताल मोजत होती
आणि वळणावर त्याने तिला उचललं तेव्हा
पात्यांचा तेवढा आवाज
सगळ्या रिकाम्या बाकांवर ऐकू गेला.
वेळ माझी झाली होती. मी यंत्र दाराशी उभं ठेवलं.

नंतर तो कठड्याशी आला, घामाने वाफाळलेला.
पुढच्या वर्षी काय, मी विचारलं.

आमच्या भाषेत भविष्यकाळ नाही.
'राहतो' आणि 'राहीन' एकाच शब्दात भागवतो आम्ही.
तो म्हणाला, यॅन.
यातला कुठला, हे विचारायची सोय नाही.

मी फाटक उघडलं.
पाणी निवत चाललं होतं.