शेऱ्याचा रकाना

किलोमीटर चौतीस.
सकाळी सहाला गेजपट्टीवरचं शेवाळ पुसून
मी आकडा वाचतो, रजिस्टरात उतरवतो.
एक पूर्णांक आठ. कधी नऊ.
पाच रकाने आहेत, शेवटचा शेऱ्याचा.
'तिथं निरंक लिहीत जा, कुमरे,'
शाखा अभियंता पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
अकरा वर्षं झाली. निरंक.

कालवा यायच्या आधी ऐनझरीचं रान
एकाच कक्ष क्रमांकाचं होतं, दोनशे बारा.
आता बारा-अ आणि बारा-ब.
मधल्या आडव्या रेघेत पाणी आहे.

चितळाच्या मादीला हे कुणी कळवलं नाही.
पूस महिन्यात ती उतरली,
प्यायला की पल्याड जायला, कोण जाणे,
आणि रात्रभर अस्तरावर चढत राहिली.
अस्तर गुळगुळीत. माणसासाठी साखळी टांगलेली आहे.
गेटाच्या जाळीला लागली तेव्हा
खुरं आतल्या गुलाबीपर्यंत झिजलेली.
मी आणि देवाजीनं दोरानं ओढून काढली.
मग खोलीवर येऊन लिहिलं, निरंक,
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

अ मधल्या कळपात हल्ली
तीन पाडसांचा कान दुमडलेला दिसतो.
तिघांचाही डावा.
मी काही डॉक्टर नाही.
पण रात्री इकडून नर ओरडतो, तिकडून उत्तर येतं,
दोघं आपापल्या काठानं चालत पुलापर्यंत येतात
आणि थांबतात.
पुलावर माझा दिवा असतो.

फुलवंताबाई चार वेचायला आली.
टोपली खाली ठेवून म्हणाली,
'अथी बाहवा पाहा, सारा म्हातारा.
रोप एक नाई. काहून, ठावं हाय?'
मी म्हटलं, पाऊस.
'पाऊस नाई, बावा. अस्वलाच्या पोटातून गेल्याबिगर
त्याची बी धड रुजत नाई. अन् अस्वल तिकडं.
तुमच्या लाइटात थे येईन का?'

त्या रात्री फ्यूज काढून खिशात ठेवला.
रकान्यात लिहिलं: दिवा बंद, कारण अज्ञात.
अकरा वर्षांतला पहिला शेरा,
तोही खोटा.

चौथ्या सकाळी धुळीत पावलं.
लहान पोराची वाटावीत अशी, पण नखं पुढं.
पुलाच्या मधोमध आलेली,
तिथंच एक फेर धरलेली,
आणि माघारी.
खाली पाण्याचा आवाज असतो, तो मला आता ऐकू येत नाही.
मधोमध काळी लेंड, तिच्यात
बाहव्याच्या चपट्या, चकचकीत बिया.
मोजणं हेच माझं काम,
तरी मोजल्या नाहीत.

फावडं आणलं.
उरलेला अर्धा पूल
अस्वलाच्या वतीनं मी चाललो.
अ च्या काठावर, उंबराच्या पल्याड, जिथं थोडं ऊन येतं,
तिथं ते पसरलं, मातीत थोडं कालवलं.
हात धुतले. गेजपट्टी पुसली.
एक पूर्णांक सात.

आज जीपमधून नवा दिवा आलाय, दुप्पट उजेडाचा.
शिडीवरून पोट्टा विचारतो,
'काका, जुना फ्यूज कोठी गेला?'
मी रजिस्टर उघडून
त्याच्यापुढं धरतो.