चौथ्या कोठाराची जबानी

साहेब, तुमच्या फॉर्मात 'पराभवाचे कारण' या रकान्याला
दोन बोटं जागा ठेवलीय.
माझं अक्षर मोठं आहे. मी बोलतो, तुम्ही लिहा.

ल्युबोमिर हाव्रान. कोशित्से, कोठार चौथं,
पादत्राणं आणि पट्टे.
अकरा वर्षं नोकरी, वहीत एक खाडाखोड नाही.

माझ्याआधी आलेल्यांनी बरंच सांगितलं असेल:
सेनापतींचा नकाशावर जडलेला जीव,
आघाडीकडे सायकलच्या वेगानं निघालेल्या आगगाड्या,
इटलीनं फिरवलेला शब्द,
व्हिएन्नाच्या पावात आलेला लाकडाचा भुसा.
असेल सगळं खरं. मला दिसलं नाही.
माझ्या कोठाराला एकच खिडकी, तीही उत्तरेला.

पंधराच्या जानेवारीत माल आला.
वरून कातडं असं चकाकणारं की तोंड बघावं.
एक बूट मी बादलीत बुडवून ठेवला,
जेवून येतो तर तळवा
दुधात टाकलेल्या पावासारखा फुगलेला.
पुठ्ठा, साहेब. कुठल्याशा जुन्या नोंदवहीचा.
उलट्या अक्षरांत वाचताही येत होतं:
'तपासले, बरोबर.'

आपल्या साम्राज्यात कागदी घोडे फार.
त्यांना चंदी नको, नाल नको,
व्हिएन्नाहून बुडापेस्टला रातोरात पोचायचे.
त्यांचीच कातडी सोलून
आपण बूट शिवले, एवढंच.

मी वर कळवलं. वरच्यांनी आणखी वर कळवलं असेल.
अकराव्या दिवशी कागद परत, गरुडाचा शिक्का मारून:
'नमुना पाण्यात बुडवण्याची तरतूद नियमांत नाही.'
तो गरुड पाहिलाय ना तुम्ही? दोन डोकी, चार डोळे,
आणि स्वतःच्या पायांकडे एकाचंही लक्ष नाही.

मग मी सही केली.
का, ते विचारू नका.
नाही, विचारा.
सरपणाचा कोटा सही करणाऱ्यालाच मिळायचा
आणि घरी झोफिया बाळंतीण होती.

उझोकच्या खिंडीकडे जी तुकडी गेली
तिच्यात रुथेनियन होते, मग्यार होते, आमचे स्लोव्हाक,
दोघे क्रोआट, ते फक्त एकमेकांशी बोलत.
सगळ्यांना मिळून हुकुमाचे ऐंशी जर्मन शब्द पाठ.
उभा राहा. नेम धर. झाड.
'थंडी' त्यांत नव्हता. 'ओलं' नव्हता.
त्यांचा लेफ्टनंट, ग्राट्झचा, मिसरूडही न फुटलेला,
शेवटपर्यंत समजत राहिला
की माणसं हट्टानं बसून राहिली आहेत.

पाय काढता घेतला, असं आपण सहज म्हणून जातो.
फेब्रुवारीत परतलेल्या गाडीत मी बघितलं,
बूट ओढला की त्याच्याबरोबर पायही यायचा.
नर्स कात्री घेऊन बसलेली.
पुठ्ठा कुठे संपतो
आणि माणूस कुठून सुरू होतो, तिला कळेना.

तर कारण.
लिहा पुठ्ठा. लिहा गरुड.
हाव्रान लिहा, त्यालाही दोन बोटं पुरतील.

फक्त एक राहिलं.
वासिल पेट्रिन्याक, लाकूडतोड्या, असेल विशीचा,
रांगेतून खिडकीशी आला.
त्याची भाषा आमच्या भाषेला थोडी लागून होती.
म्हणाला, काका, एक नंबर मोठा द्या,
आत गवत कोंबीन, आई तसंच करते.
मोठे होते. खणभर होते.
खणावर 'राखीव' अशी चिठ्ठी होती.
अजून तिथेच आहेत, साहेब,
राज्य गेलं तरी; हवं तर मोजून घ्या.

त्यानं त्रेचाळीस मागितला.
मी बेचाळीस दिला
आणि पावतीवर त्याचा अंगठा घेतला.