नऊ नंबरची बाही

शहाद्याहून पहाटे पाचची एसटी.
खिशात सुयांची डबी, पिशवीत कळण्याची भाकर, ठेचा,
आणि एकच धास्ती :
सोळा शर्ट मी शिवलेत,
नंबर चिकटवलेले नाहीत, शिवलेत,
ते आज भुसावळात उसवू नयेत.

खेळ मला कळत नाही.
सरांनी एकदा दुकानात येऊन, माझ्याच खडूनं,
कटिंगच्या टेबलावर चौकोन काढून सांगितलं :
घरून निघायचं, तीन ठिकाणी टेकायचं, परत घरी.
मी म्हटलं, म्हणजे शिरपूर, चोपडा, यावल.
सर हसले.
माझ्या डोक्यात तेच बसलं.

रेल्वेचं मैदान. मुलींचा सॉफ्टबॉल. फायनल.
सावली फक्त त्यांच्या बाजूला,
म्हणून त्यांच्यातच जाऊन बसलो.
शेजारी वारके गार्ड, रिटायर होऊन नऊ वर्षं,
शिट्टी अजून गळ्यात.
"कुठचे भो तुम्ही?"
"शहाद्याचा."
ते सरकले, रुमालाएवढी जागा दिली,
आणि मागच्या चार रांगांना बजावलं,
"हे पाहुने आहेत. यायच्यासमोर शिव्या नका देऊ."
मग सगळ्या शिव्या अंपायरला गेल्या.

आमची पहिली धाव आली तेव्हा मी टाळी वाजवली.
पाचशे गप्प माणसांत दोन हात वाजले
की ते आपलेच आहेत हे पटायला
जरा वेळ लागतो.

एक चेंडू तिरका उडून माझ्या पायाशी.
पिवळा, लाल दोऱ्याचा.
टाका एकसारखा, गाठ कुठेच नाही.
कुणाचा हात असेल हा?
उलटून बघतोय तोवर पोरं ओरडली,
"काका, फेका ना!"

मध्येच मालगाडी गेली.
वारके सवयीनं डबे मोजत राहिले, अठ्ठावन्न,
आणि त्यांच्या नातीनं टाकलेला दिवसातला सगळ्यात देखणा चेंडू
त्यांचा बघायचा राहिला.
मी बघितला होता.
मीच सांगितला त्यांना, हातवारे करून,
आमची पोरगी त्यावर कशी फसली ते.

शेवटचा डाव. एका धावेनं मागं. दोन बाद.
सेवंती पावरा, नंबर नऊ, यावलवर उभी.
फटका बसला.
पय! मी ओरडलो. पय व सेवंती, पय!
तिची बोली पावरी, माझी अहिराणी,
पळणाऱ्याला एवढं कळतं.
सगळं मैदान उठून उभं राहिलं.
मी बुटका. समोर पाठीच पाठी.
पाठींच्या वर धूळ आली, तेवढी दिसली.
क्षणभर कुणीच बोललं नाही.
मग आवाज उठला,
आणि त्या आवाजात
अहिराणीचा एक शब्द नव्हता.
कळलं.

वारक्यांनी शिट्टी ओठांत धरली होती.
माझ्याकडं बघितलं. शर्टात टाकली.

बाही खांद्यापासून लोंबत होती.
घर वीतभर राहिलं होतं, म्हणाले.
तंबूमागं तिला उभं केलं.
काढू नको, अंगावरच घालतो टाके,
दातात काडी धर, तशी रीत आहे.
काडी दातात असली की रडता येत नाही,
हे मला तेव्हा माहीत झालं.
शिवण नाही गं सुटली, कापड फाटलं,
मी दोनदा सांगितलं.
तिनं विचारलंच नव्हतं.

परतीला सरांनी मला पोरींच्याच गाडीत घेतलं.
वारक्यांनी खिडकीतून केळीची फणी दिली,
"हिरवी आहेत, परवा खा."
यावल गेलं तेव्हा कुणी जागं नव्हतं.
चोपडा. शिरपूरला चहा.
रात्री एकला शहाद्याच्या स्टँडवर उतरल्या.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी मोजल्या.
पंधरा.
मग मागच्या सीटवरून, डोळे चोळत, सोळावी.
दातात अजून काडी.