हेलियम

हौगेसुंडच्या थिएटरात सोळा माणसं,
त्यातला एक टोरलाइव्ह, निवृत्त पाणबुड्या.
पडद्यावर, समुद्राच्या तळाशी,
कप्तान भाषण ठोकतो भरदार आवाजात.
टोरलाइव्ह खुसखुसतो:
तिथं हेलियम असतो रे,
आम्ही मरणाच्या गोष्टीसुद्धा
बदकांच्या आवाजात बोलायचो.

राक्षस रबरी. प्रेम त्याहून रबरी.
शेवट तर घाईघाईत टाके घातलेला.

पण मध्येच एकदा
दिवे मंदावतात, संगीतही थांबतं,
आणि खिडकीच्या काचेवरून, आतल्या बाजूनं,
एक थेंब ओघळतो.
नुसता थेंब.

टोरलाइव्हनं पॉपकॉर्नचा पुडा खाली ठेवला.

बाहेर बर्फ भुरभुरत होता.
कसा वाटला, मी विचारलं.
भिकार, म्हणाला,
आणि कितीतरी वेळ
गाडीची काच
आतून पुसत राहिला.